आट्याच्या पोत्यामागचा दोर

सुभेदार मेश्राम आमच्या कंपनीत पोस्टिंगवर आले तेव्हा मी कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होतो. म्हणजे स्टोअरची किल्ली माझ्या कमरेला. कंबल, चहाचे मग, दोर, लाइफ जॅकेट, आटा, डाळ, सगळं माझ्या हातून जायचं, आणि खरं सांगायचं तर माझ्या हातून सहजासहजी काही जायचं नाही. जवान मला पाठीमागे 'कुलूप' म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे. स्टोअरवाल्याला कोणी दानशूर म्हणू लागलं की त्याची नोकरी धोक्यात आली असं समजावं.

आमच्या युनिटमध्ये जुनी रीत होती. नवा माल आला की त्यातला चांगला भाग घडी घालून फळीवर लावायचा. तो इन्स्पेक्शनचा. मोठे साहेब वर्षातून एकदा येणार, नव्या कंबलांची सरळ रांग बघणार, 'व्हेरी गुड' म्हणून जाणार. जवान वर्षभर विरलेलं पांघरणार. मला यात काही वावगं दिसत नव्हतं. पुसदजवळच्या आमच्या तांड्यात माझी याडी, म्हणजे आई, नवी गोधडी पेटीत पाहुण्यांसाठी ठेवायची आणि स्वतः फाटकी घ्यायची. पाहुणे क्वचितच येत.

सुभेदार साहेब बोरी अरबचे. एकाच जिल्ह्याचे म्हणून दोघंच असलो की आम्ही आपल्या बोलीत बोलायचो. पहिल्याच दिवशी ते स्टोअरमध्ये आले आणि फळीवरून हात फिरवला.

"हे कोनासाठी?"

"इन्स्पेक्शनसाठी, साहेब."

"आन् थंडी कोनाले वाजते? इन्स्पेक्शनले?"

मी फळीवरची एक घडी सरळ केली.

"उद्या वाटून टाक."

वाटलं. कंबलं गेली, मग गेले, लाइफ जॅकेटं रोजच्या ट्रेनिंगला निघाली. नवे कोरे दोर जवानांनी ओढून ओढून मळवले. साहेबांचं म्हणणं असं, की हाताच्या ओळखीचा नसलेला दोर ऐन वेळी कामाचा नाही. त्या वर्षी इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी विचारलं, नवा माल कुठे आहे? सुभेदार मेश्राम म्हणाले, "जवानांच्या अंगावर आहे, सर." आमच्यावर रिमार्क आला. तो त्यांनी स्वतःवर घेतला आणि जेवायला गेले.

मी मात्र दोराचं एक कोरं भेंडोळं आट्याच्या पोत्यांमागे सरकवून ठेवलं. इतकं वाटणाऱ्या माणसाच्या हाताखाली कोणीतरी हात आखडता घेणारा असावा, असं माझं मत होतं. आजही आहे.

त्या पावसाळ्यात पैनगंगेला पूर आला आणि आमची कंपनी उमरखेड तालुक्यात मदतीला गेली. कंपनी कमांडर तहसीलला थांबले. ढाणकीच्या पुढच्या एका गावासाठी सुभेदार साहेबांच्या हाताखाली आमची तुकडी निघाली. एक रबरी बोट, दोन दोर आणि राशनची लॉरी. लॉरीत आट्याची पोती मी स्वतः लावली होती.

सकाळी पोचलो तेव्हा गावचा नाला नदीला मिळून गेला होता. उंच रस्त्यावर आम्ही. समोर पाण्यात शाळा, आणि शाळेच्या स्लॅबवर माणसं, बरीचशी बाया आणि लहान लेकरं. शाळेच्या पलीकडे एक टेकाड होतं. त्यावर तिथल्या तांड्यातली माणसं स्वतःच्या हिमतीवर आपली माणसं पाण्यातून ओढून काढत होती.

उपटून आलेल्या कपाशीच्या झाडांनी बोटीची मोटर लगेच जाम केली. मग साहेबांनी रस्त्यावरच्या चिंचेपासून शाळेच्या खांबापर्यंत दोर ताणला आणि त्याला धरून बोट हातांनी ओढत न्यायला सुरुवात केली. पहिली खेप सुखरूप आली. तेवढ्यात टेकाडावरून हाका आल्या. त्यांना दोर हवा होता.

"राठोड, दुसरा दोर दे त्याइले."

"साहेब, मंग आपल्यापाशी रिझर्व्ह नाही राहत."

"त्याइच्या हातात दोर नाही, तरी काढून राह्यले लोकं. आपन दोर घेऊन पाह्यत बसू काय? दे."

दिला. बोटीने तो शाळेपर्यंत गेला आणि शाळेमागून एका जवानाने टेकाडावर फेकला.

शेवटच्या खेपेला बोट भरलेली होती. साहेब त्यातच होते. बोट मधोमध आली आणि वरून बाभळीचं अख्खं झाड वाहत आलं. ते ताणलेल्या दोरावर बसलं. दोर तुटला. बोट गिरकी घेऊन खाली गेली आणि विजेच्या एका खांबाला अडकली. एक बाजू उचलली जाऊ लागली. बाया उभ्या राहायला लागल्या. साहेबांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरून एक लांब फुंकर मारली. सगळे जिथल्या तिथे बसले.

मग माझा वायरलेस सेट बोलला.

"टू, वन बोलतोय. दोर पाठव. ओव्हर."

"वन, टू बोलतोय. दोर..." मी थांबलो. माझ्या आजूबाजूला माझेच जवान उभे होते.

"राठोड, आट्याच्या पोत्यामागचा पाठव. ओव्हर."

आवाजात घाई नव्हती. चहा पाठव म्हणावं तसे बोलले.

पोती मी कशी बाजूला केली ते मला आठवत नाही. दोराच्या टोकाला रिकामा जरीकॅन बांधला आणि वरच्या अंगाने पाण्यात सोडला. पहिल्यांदा तो बाजूने निघून गेला. दुसऱ्यांदा पाण्याने तो बरोबर साहेबांच्या हाती नेला. पण एका बाजूने ओढलं तर बोट उलटेल अशी स्थिती होती. तेवढ्यात टेकाडावरच्या माणसांनी आम्ही दिलेल्या दोराचं एक टोक तसंच वाहत बोटीकडे सोडलं. त्यांनी आमचं बघितलं होतं. साहेबांनी ते बोटीच्या दुसऱ्या बाजूला बांधलं. तिकडून त्यांनी धरलं, इकडून आम्ही ओढलं, ते बेताबेताने सोडत गेले. बोट खांबावरून सुटली आणि रस्त्याला लागली. सगळी माणसं उतरली. एक म्हातारी उतरता उतरता मला म्हणाली, "लई येळ लावला बाप्पा तुमी."

दुपारी लॉरीच्या आडोशाला चहा घेताना मी विचारलं, "साहेब, तुमाले कधीपासून माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मंग बोलले काहून नाही?"

"कायले बोलू? तू ठेवून राह्यला म्हनून तं मी बिनधास्त वाटून राह्यलो."

मी त्यांच्या मगात अजून चहा ओतला. तो त्यांना जास्त झाला तर त्यांनी अर्धा ड्रायव्हरला दिला.

आता मी पुसदला राहतो. पंधरा ऑगस्टला शाळा-कॉलेजवाले बोलावतात, लीडरशिपवर बोला म्हणतात. मी ही दोराचीच गोष्ट सांगतो. पुढची सांगत नाही, कारण ती उभं राहून सांगता येत नाही.

दुसऱ्या वर्षी कंपनी वर गेली, बर्फात. शेजारच्या पोस्टची गस्तीची पॅट्रोल अडकली होती. सुभेदार साहेब काही जवान घेऊन त्यांना आणायला निघाले. वाटेत बर्फाचा कडा सुटला. जवान वाचले. साहेब गेले. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

गेलेल्या माणसाचं सामान बांधायचं काम स्टोअरवाल्याकडेच येतं. साहेबांची पेटी उघडली तर जवळजवळ रिकामी. वापरून विटलेले दोन युनिफॉर्म, दाढीचा ब्रश, टवका गेलेला मग. त्यांचा नवा स्वेटर एका नव्या जवानाच्या अंगावर होता. थर्मास लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात होता. ते मी परत मागितले नाहीत. शिट्टी होती, ती मात्र पेटीत न घालता माझ्या खिशात घातली. ठेवायची सवय.

पेटी घेऊन मीच बोरी अरबला गेलो. त्यांच्या आईने, आम्ही सगळे तिला माय म्हणतो, पेटी स्वतः उघडली. एकेक वस्तू मांडीवर घेतली.

"येवढंच हाय काय, बाबू? येवढ्या वर्साची नोकरी त्याची."

"येवढंच, माय. बाकीचं त्याइनं वाटून टाकलं."

"लहानपनापासून तसाच होता तो," ती म्हणाली. "शाळेतून येऊन मलेच भाकर मागे. डब्यातली कोनाले तरी दिलेली असे."

ती हसली. मग तिने रिकाम्या पेटीत पुन्हा हात घातला आणि तळाचा पत्रा चाचपत राहिली. कोपरे पाहिले. परत पाहिले.

मी खिशातली शिट्टी काढून तिच्या हातावर ठेवली.

"हे मी ठेवलं होतं, माय."

तिने मूठ मिटली. माझ्याजवळ साहेबांचं असं तेवढंच होतं. दर वर्षी मी बोरी अरबला जातो. चहा झाला की माय आत जाते, शिट्टी आणते आणि माझ्या हातात देते. मी ती थोडा वेळ धरतो. मग ती हात पुढे करते आणि मी परत देतो.