रत्नमालाताईंच्या नळ्या

रत्नमालाताई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, सुजातानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी प्रयोगशाळेत फ्रीझर उघडून उभा होतो. हृदय थांबलं, म्हणाली. मी नुसता 'हो, हो' म्हणत राहिलो आणि दार लावायचं विसरलो…

कित्येक वर्षं ताई आमच्यासाठी गावोगाव लाळेचे नमुने गोळा करत. हर्पिसच्या कुळातला एक विषाणू बहुतेक धडधाकट माणसांच्या अंगात आयुष्यभर मुकाट राहतो. तो माणसामाणसांत किती वेगळा असतो, एवढंच मला पाहायचं होतं. पण थुंकी देणार कोण? करमाडला एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "थुंकी न्यायला शहरातून आलात व्हय? तिकडं आटली का?"

"आटली नाय, बाबा. तिकडची लई कडू," ताई म्हणाल्या आणि आधी स्वतः नळीत थुंकल्या. मग ओट्यावरची सगळी हसत पुढं सरकली.

पुढं प्रत्येक गावात त्यांनी हेच केलं. त्या नळीवर चिठ्ठी लावायच्या : 'करमाड, मी'. 'फुलंब्री, मी'. नळ्या वाया घालवता म्हणून मी त्यांना चारचौघांत बोललो. तरी ताई आपल्या नळ्या फ्रीझरच्या तळाशी ठेवत गेल्या.

नंतर मला प्रश्न पडला, एकाच निरोगी माणसात हा विषाणू वर्षानुवर्षं तसाच राहतो का? उत्तर त्या तळाशी होतं. ताईंच्या एकटीच्या लाळेत त्याची दोन वेगळी रूपं निघाली. कधी एक वरचढ, कधी दुसरं. लेखात मी लिहिलं, 'एक निरोगी स्त्री'. त्यांना विचारलं नाही. विचारायला गेलो असतो तर आधी त्या बोलण्याची माफी मागावी लागली असती.

एकदा त्यांनीच विचारलं, "सर, माझ्या नळ्या दिसत नाहीत?"

"टाकल्या. जागा नव्हती."

"बरं झालं," हातमोजे काढत त्या म्हणाल्या. "उगाच जीव अडकला होता त्यांच्यात."

ताईंच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या मागं होणाऱ्या बौद्ध विधीला, फुलंब्रीला गेलो. वंदना झाल्यावर सुजातानं चहा दिला. "आईचं काही तुमच्याकडं राहिलंय का, सर?"

"नाही," म्हणालो. पुन्हा तेच.

आता हे खोटं पेलवत नाही. सकाळी फ्रीझर उघडतो, खालच्या कप्प्यातला बर्फ बोटानं पुसतो. त्यांचं अक्षर दिसतं… गावामागून गाव, आणि प्रत्येक गावापुढं 'मी'.

राहिलंय, सुजाता. मी एकही टाकली नव्हती.