चाकू हातात देऊ नये

आमच्यात चाकू, सुरी, अडकित्ता कुणी कुणाच्या हातात देत नाही. जमिनीवर ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. हातातून हातात दिला की दोघांमधली माया तुटते म्हणतात. लहानपणापासून हे अंगात इतकं मुरलेलं की त्याचा कधी विचारही केला नाही. माझ्या संसारात मात्र सगळं बोलणं या एका रीतीतून झालं.

लग्न होऊन बडोद्याला सासरी आले तेव्हा मी चौथी पास झालेली, आणि तोंडातून शब्द न निघणारी मुलगी होते. घर शिलेदारांचं. सासरे पागेत होते. ते माझ्या लग्नाआधीच वारलेले, पण त्यांची तलवार माजघराच्या भिंतीवर होती. घरात सासूबाई आणि हे, दोघंच. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. हे कचेरीत कारकून होते. तलवारीच्या घरातला मुलगा लेखणी धरतो याचं आत्याबाईंना फार वाटे, आणि त्या ते बोलूनही दाखवत.

वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, आणि असती तरी मी बोलले नसते. लग्नानंतर कित्येक महिने यांनी विचारलं तर मी मान हलवत असे, एवढंच.

मग एकदा हे कचेरीतून आले, पगडी खुंटीला लावली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फळीवर काहीतरी ठेवून निघून गेले. मी हात पुसून पाहिलं तर एक छोटा मिटता चाकू. मूठ सांबरशिंगाची, करड्या रेघांची, हातात धरली की खडबडीत लागणारी. पात्याला नख अडकवायची बारीक खाच. मी नख घालून ओढलं आणि चाकू उघडला, कट्. इतका स्पष्ट आवाज झाला की मी दचकून तो खाली टाकला. माजघरातून यांचं हसू ऐकू आलं.

मी तो चाकू राखेने घासला, सांध्यात तिळाच्या तेलाचा थेंब सोडला आणि पुन्हा फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. पुढच्या आठवड्यात दुसरा आला.

असं आमचं सुरू झालं. यांना जुन्या चाकूंचा नाद होता. पूर्वी बोरू कापायला प्रत्येक कारकुनाच्या खिशात चाकू असे. लोखंडी टाक आले आणि ते चाकू घरोघरच्या फडताळात पडून राहिले, मग जुन्या बाजारात आले. छावणीतले साहेब बदलून गेले की त्यांच्या सामानाचा लिलाव होई, त्यातले विलायती चाकूही तिथेच येत. यांचा एक ओळखीचा म्हातारा दुकानदार होता. तो यांच्यासाठी चाकू बाजूला काढून ठेवी. हे मला त्याची नक्कल करून दाखवत, "साहेब, जूनुं छे, पण सोनुं छे!"

चाकू फळीवर ठेवायचा हे यांचं काम, उचलून त्याला माणसात आणायचं हे माझं. मला त्यातलं कळू लागलं. नव्या चाकूत काही नसतं. जुन्याचं पातं एका बाजूने झिजलेलं असतं, त्यावरून कळतं की धरणारा डावखुरा होता की उजवा. एकाच्या मुठीवर अंगठ्याएवढा खळगा होता. किती वर्षं एकाच माणसाने धरला असेल! मी माझा अंगठा त्यात ठेवून पाही. एक पागेतला होता, त्याला पात्याच्या पाठीशी आकडा, घोड्याच्या खुरात अडकलेले खडे काढायला. एकाची मूठ शिंपल्याची, उजेडात धरली की निळी-गुलाबी होई. जवळच्या गोरवा गावातल्या एका शेतकऱ्याकडून आणलेला तर अगदी ओबडधोबड, गावच्या लोहाराने विलायती चाकू बघून केलेला, पण पातं धरून ठेवणारी त्याची कमान सगळ्यांत कडक. त्याचा आवाज खट्ट असा येई. शिंपलेवाल्याचा टिक्. मी चुलीपुढे बसून, न पाहता, माजघरात कोणता चाकू उघडला ते ओळखत असे.

पात्यांवर विलायती अक्षरं असत. शाळेत आम्हांला मराठीच शिकवलं होतं. हे फळीवर पिठाने एक एक अक्षर काढून ठेवत आणि त्याशेजारी ते अक्षर असलेला चाकू. मी पीठ पुसून माझ्या बोटाने तेच अक्षर काढी. अशी ती सगळी अक्षरं मला आली. त्यांचा दुसरा काही उपयोग मला कधी झाला नाही, पण आली.

आत्याबाईंना हे कळत नव्हतं असं नाही. "सारखं कट् कट् कट् कट्! घर आहे की सुताराचं दुकान? रिकामी कात्री वाजवली तर भांडणं होतात, हे तर चाकू वाजवतात!"

"कुणाची भांडणं होणार, आई? तुझी सून तर बोलतच नाही," हे म्हणत.

"तेच म्हणते मी. बोलायचं ते चाकू बोलतायत."

मी पदराआड तोंड घेऊन हसले होते.

खंडेनवमीला तलवार खाली काढून तिची पूजा होई. एका वर्षी यांनी तिच्या शेजारी लाल फलालीन अंथरलं आणि सगळे चाकू ओळीने मांडले. आत्याबाई पूजेचं तबक घेऊन आल्या आणि तिथेच थांबल्या.

"हे काय? वाघाच्या शेजारी मांजराची पिल्लं?"

"शस्त्रंच ती, आई."

"तुझे वडील असल्या चाकूंनी लढले असते तर आज घरात भिंतसुद्धा नसती तलवार टांगायला." पण त्यांनी प्रत्येक चाकूला गंध लावलं, एकही सोडला नाही. शिंपल्याच्या मुठीवर तर जरा जास्तच वेळ बोट फिरवलं.

आम्हांला मूल झालं नाही. त्याबद्दल हे मला कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि आत्याबाई जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. त्यांनीच पुढे काय सोसलं ते मी पाहिलं आहे.

यांना खोकला लागला तो गेलाच नाही. पुढे रक्त पडू लागलं. डॉक्टरांनी खाट माजघराच्या खिडकीशी, एकटी ठेवायला सांगितली, भांडी निराळी केली. मी सगळं करत होते, पण जवळ बसायचं नाही, हात लावायचा तर लगेच धुवायचा. चाकूंची पेटी खाटेखाली होती. ताकद असेल तेव्हा हे एखादा काढत आणि उघडत, मिटत. त्या आवाजावरून आत्याबाई आणि मी, दोघी आपापल्या जागी, ओळखत असू की आज बरं आहे.

बाजारातला म्हातारा एकदा समाचाराला आला. जाताना त्याने खाटेच्या कडेला एक चाकू ठेवला. लहानसा, काळ्या शिंगाच्या मुठीचा, बोरू कापायचा. कुणा मोठ्या कारकुनाचा असावा, पातं झिजून झिजून गवताच्या पात्याएवढं राहिलेलं. म्हातारा गेल्यावर यांनी मला बोलावलं. आत्याबाई देवळात गेल्या होत्या. यांच्या हातात तो चाकू होता.

"जो तो खरी, बघ तर, कसा आहे," हे म्हणाले. खुशीत असले की हे गुजरातीत शिरत.

मी खाटेपाशी गेले, आणि काय झालं मला, मी माझा हात पुढे केला. तळवा उघडा करून. जन्मात कधी मी होऊन यांच्यापुढे हात केला नव्हता. डॉक्टर, रीत, काही आठवलं नाही. मला तो चाकू नको होता.

यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग मान हलवली. "हातात नको. आपलं तुटायला नको."

आणि चाकू जमिनीवर ठेवायला हे खाटेवरून वाकले. हात पोचेना. मी "राहू द्या" म्हणेपर्यंत तो बोटांतून सुटला आणि फरशीवर पडला. मूठ उभी तडकली. हे हसले, हसताना खोकला आला, खोकला थांबल्यावर म्हणाले, "उचल."

मी उचलला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हे गेले.

तेरावा झाल्यावर, एका दुपारी, मी पेटी स्वयंपाकघरात घेऊन बसले. गोरव्याचा चाकू काढला आणि उघडला. खट्ट.

ओसरीवरून आत्याबाई धावत आल्या. धावत, त्या वयात, पदर सुटलेला. दारात येऊन त्यांनी माजघरातल्या खाटेच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ते तोंड मी विसरू शकत नाही. आवाज आला तेवढ्या वेळापुरता त्यांचा मुलगा घरात होता.

त्या दारातच खाली बसल्या. "ते खोकं घराबाहेर काढ," म्हणाल्या. "मला नाही ऐकवत."

दोन दिवसांनी त्यांनी त्या म्हाताऱ्याला निरोप धाडला. तो आला, ओसरीवर बसला. आत्याबाईंनी पेटी त्याच्यापुढे सरकवली. मी दाराआड उभी होते. माझ्याजवळ यांचं दुसरं काही नव्हतं. कपडे, अंथरूण, सगळं डॉक्टरांनी जाळायला लावलं होतं. पेटी गेली असती तर मी इथे कुणाची होते हे मलाच सांगता आलं नसतं. म्हाताऱ्याने झाकण उघडलं आणि माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले, परक्या पुरुषासमोर, सासूसमोर.

"आत्याबाई, मी उघडणार नाही. एकही कधी वाजणार नाही. पेटी राहू द्या."

आत्याबाई वळून बघत राहिल्या. माझं एवढं बोलणं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं असेल. म्हाताऱ्याने झाकण लावलं, पेटी परत त्यांच्याकडे सरकवली. "बा, आ तो एनी निशानी छे. मारे नथी जोइती." ही त्याची खूण, मला नको, असं म्हणून तो जोडे घालून चालता झाला.

पेटी राहिली. मी शब्द पाळला. दर खंडेनवमीला तलवारीशेजारी ती बंद पेटी ठेवी, झाकणाला गंध लावी, फूल वाही. पावसाळ्यात फलालीन बदलून चाकूंना वरून तेलाचा बोळा फिरवी. पण चाकू गंजतो तो आतून, सांध्यात, कमानीपाशी. उघडल्याशिवाय तिथे तेल जात नाही. मला ते माहीत होतं. एकेका मुठीच्या फटीतून तांबूस पूड येऊ लागली, आधी पागेतल्याच्या, मग शिंपलेवाल्याच्या. बोटाला लागे ती मी पदराला पुसत असे. नख घातलं असतं तर तेव्हा उघडलेही असते. पण आत्याबाई पलीकडे ओसरीवर असत, नेहमीच असत.

अशी किती वर्षं गेली. बाकी आम्ही दोघी नीट राहिलो. खंडेराव मार्केटातून भाजी आणायची, निजामपुऱ्याकडून दूधवाली येई तिच्याशी चार शब्द, सण, उपास. यांचं नाव कुणी काढत नसे.

आता आत्याबाईंची दृष्टी गेली आहे आणि त्या अंथरुणावरच असतात. परवा मी त्यांना पेज भरवत होते. मध्येच त्यांनी तोंड बाजूला घेतलं.

"ते खोकं आहे का अजून?"

"आहे."

"एकदा वाजव गं."

मला आधी कळलंच नाही. मग मी पेटी आणली आणि त्यांच्याजवळ बसले. सांबरशिंगाच्या चाकूला नख लावलं. हलेना. शिंपलेवाला, हलेना. गोरव्याचा, ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा, तो तर दगडासारखा. माझं नख तुटून रक्त आलं. आत्याबाई मान एका बाजूला करून, कान देऊन पडल्या होत्या.

"काढतेयस ना?"

"काढते. गंज धरलाय."

"तूच म्हणालीस ना, वाजवणार नाही." मग थोड्या वेळाने, "मीच म्हणाले होते."

मी सगळ्यांच्या सांध्यात घासलेट सोडून ठेवलं. काल दुपारी पुन्हा बसले. एकच उघडला, तो तडकल्या मुठीचा, शेवटचा. पण तडकल्यामुळे त्याची कमान सैल पडली होती. पातं आपलं मऊ बाहेर आलं, जसं काही ते कधी मिटलेलंच नव्हतं.

"वाजला?" आत्याबाईंनी विचारलं.

खोटं बोलावं असं मनात आलं. पण त्या कानाला मी काय फसवणार, त्या आवाजाला त्या माझ्याआधी ओळखत होत्या. "नाही वाजला, आत्याबाई."

"इकडे दे बघू."

मी चाकू मिटला आणि त्यांच्या अंथरुणाशेजारी जमिनीवर ठेवला. त्या हाताने चाचपडू लागल्या, चादरीवर, उशीजवळ.

"कुठे ठेवलास?"

"खाली. तुमच्या उजव्या हाताला."

त्यांचा हात थांबला. "अगं वेडे, आपल्यात आता तुटायचं काय राहिलंय? हातात दे."

मी तो उचलला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी बोटं मिटली, तेव्हा माझी बोटंही त्यात अडकली, आणि त्यांनी ती सोडली नाहीत. हात सुकलेला, गार होता. यांच्या ज्या हातापुढे माझा हात त्या दिवशी उघडाच राहिला होता, तोही शेवटी असाच गार असायचा.

नंतर संध्याकाळपर्यंत त्या तो चाकू उघडत, मिटत होत्या. आवाज येत नव्हता. मी पेटी जवळ घेऊन बाकीच्यांना तेल देत बसले.