हमीपत्रातली एक ओळ

ब्रिस्टलच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे इंग्रज गृहस्थ साठीला टेकले होते. पुण्याहून वर्क व्हिसावर आलेल्या मला रिइन्शुरन्सचं काम त्यांनीच शिकवलं. आमची कंपनी विमा कंपन्यांचाच विमा उतरवायची. अमेरिकेतल्या एका राज्यातली छोटी विमा कंपनी आमची गिऱ्हाईक होती, पण त्या राज्यात आमच्याकडे लायसन्स नव्हतं. अशा बाहेरच्या कंपनीच्या नुसत्या शब्दावर तिथला कायदा विश्वास ठेवत नाही. बँकेचं हमीपत्र लागतं, आणि तेही विनाअट. नाहीतर आमचा विमा तिथे धरलाच जात नाही. "मागितले की पैसे मिळाले पाहिजेत, कारण न विचारता," हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

त्या डिसेंबरात त्यांची बायको हॉस्पिटलमध्ये होती. दुपारी तीनलाच ते कोट चढवून निघायचे. वर्ष संपायच्या आत पोचायला हवं असलेलं हमीपत्र त्यांनी पाठवण्यासाठी माझ्याकडे दिलं. मी ते वाचलं. बँकेने आपल्या नेहमीच्या मजकुरातली एक ओळ खाली तशीच ठेवली होती: क्लेमची कागदपत्रं दाखवल्यावर पैसे दिले जातील. म्हणजे अटच की.

"ही ओळ चालेल?" मी विचारलं.

"बँकेशी बोललोय मी. पाठव तू." पत्राकडे न बघता ते मफलर गुंडाळत होते.

मॅनेजरची केबिन दहा पावलांवर होती. माझा व्हिसा वाढवायचा अर्ज त्याच्याच सहीसाठी पडून होता. कशाला मध्ये पडा, असं वाटलं. पत्र कुरिअरला दिलं.

मार्चमध्ये तिथल्या विमा खात्याने ते नाकारलं. आमचा विमा धरला न गेल्याने आमच्या गिऱ्हाईक कंपनीला नवीन पॉलिसी विकायला बंदी झाली. त्या कंपनीतल्या ज्या बाईंशी मी दर आठवड्याला फोनवर बोलायचे, त्या शेवटच्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुमच्याकडे कुणी वाचलं नव्हतं का?"

आमच्याकडे मीटिंग बसली. "पाठवण्याआधी हे आणखी कुणी वाचलं होतं?" मॅनेजरने विचारलं.

मी टेबलाकडे बघत राहिले.

"नाही, फक्त मी," ते म्हणाले.

दोन आठवड्यांत त्यांना घरी बसवलं. ते जायला निघाले तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठलं. "माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुला सांगायचं असतं तर तू सांगितलं असतंस." रागाने नाही, दमलेल्या आवाजात म्हणाले, आणि कठड्याला धरून उतरू लागले.

त्यांचं टेबल मला मिळालं. व्हिसाही वाढला. उन्हाळ्यात त्यांची बायको गेल्याचं कळलं. ऑफिसात एक कार्ड फिरलं, सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. अंत्यविधीला मात्र गेले नाही. रजा मिळत होती.