गाडी मला पसंत, पण सीट आईला उंच

मंडळी, आज सकाळी आईला घेऊन मंगळवार पेठेत एक सेकंडहँड मोटरसायकल बघायला गेलतो. डांबरी रस्ता असो की खडीची वाट, दोन्हीकडं पळणारी, उंच सीटची. रोज वारणानगरला कामावर जायला आणि सुट्टीत भटकायला.

टायर, चेन, इंजिनचा आवाज, सगळं बघितलं. चक्कर मारली तर खड्डे कळलेच नाहीत. मनात मी गाडी घेतली पण होती.

मग गाडीचे मालक म्हणाले, "पावणं, मागं कोण बसणार?"

आईच. दर पौर्णिमेला आम्ही दोघं नृसिंहवाडीला जातो, हेबी त्यांना सांगितलं.

आईनं साडी सावरून फूटरेस्टवर पाय ठेवला, पण तिला वर काही चढता येईना. शेवटी मालकांच्या दारातल्या पायरीवर चढून बसली.

"बसले की. घे तू."

"आणि वाडीत पायरी कुठनं आणायची, मावशी?" मालकांनी विचारलं.

"नदीच्या घाटाला काय कमी पायऱ्या हायत व्हय?"

सगळे हसलो. पण उतरताना तिनं माझा खांदा असा धरला की अजून दुखतोय.

उद्या सांगतो म्हणून आलोय. घरी आल्यापासून आई म्हणतीया, "मी एसटीनं जाईन की."

मला ती गाडी पाहिजे. आई एकटी एसटीनं जायला नको. घरच्यांसाठी मनातली गाडी सोडलेलं कोण हाय का इथं? नंतर रस्त्यात तसली गाडी दिसल्यावर काय वाटतं, खरं सांगा.