रुपयामागे एक आणा

चार मास्तर जमले की पगाराचं बोलणं निघतंच. आणि आमच्यात पगाराचं निघालं की प्रॉव्हिडंट फंडाचे किस्से झाल्याशिवाय कुणी जागचा हलत नाही. काशीत दुर्गाघाटाजवळच्या आमच्या शाळेत हा फंड आला तेव्हा इंग्रजी अंमल होता. निम्मे मास्तर आम्ही मराठी, घरी पूजापाठ करणारे. नियम सोपा होता. पगारातून रुपयामागे एक आणा कापायचा, तेवढाच शाळेने घालायचा, आणि नोकरी सुटताना सगळं एकदम हातात. हे डोक्यात शिरायला आम्हाला वर्ष लागलं, काय सांगू!

*

हेडमास्तर सभेत म्हणाले, "कापलेल्या पैशावर इन्कमटॅक्स नाही."

गणिताचे जोशी उठले. "साहेब, आधी टॅक्स बसेल इतका पगार तर द्या. सूट मग बघू."

हेडमास्तर हसले नाहीत. शाळेत टॅक्स भरणारे ते एकटेच होते.

*

संस्कृतचे गणेशशास्त्री म्हणाले, "शुभकार्याला सव्वा लागतो. माझा सव्वा आणा कापा."

कारकून मुन्शीजींनी चष्म्यावरून पाहिलं. "पंडितजी, हद एक आने की है. यह फंड है, सत्यनारायण की कथा नहीं."

शास्त्रीबुवा दिवसभर रुसून बसले.

*

पितृपक्ष संपला तसे शास्त्रीबुवा श्राद्धांची दक्षिणा उपरण्याच्या गाठीत बांधून ऑफिसात हजर. "हीसुद्धा फंडात टाका."

"सिर्फ तनख्वाह से, पंडितजी."

"अहो, घरी ठेवली तर उरत नाही. दारात कुणी आलं की माझा हात जातोच."

खरंच होतं ते. त्यांची एकुलती लेक मनू विधवा होऊन माहेरी आली होती. आपल्यामागे तिचं कसं होणार, या काळजीने माणूस वाळत चालला होता. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

*

शेवटी मीच समजावलं. "शास्त्रीबुवा, ही हद्द पगारावर आहे. पगार वाढला तरच तुमचा आणि शाळेचा, दोन्ही वाटे वाढतील."

"मग वाढीव पगाराची जागा कुठे आहे?"

होती. आमच्या रामनगरच्या शाखेत, हेडमास्तरची, दुप्पट पगाराची. पण रामनगर गंगेपलीकडे. आणि बायको वारल्यावर शास्त्रीबुवांनी क्षेत्रसंन्यास घेतलेला, म्हणजे मरेपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही. मी नुसतं रामनगरचं नाव घेतलं. शास्त्रीबुवा उपरणं झटकून वर्गावर निघून गेले.

*

काही दिवसांनी जोशी आणि मी भोसले घाटावर उभे होतो. पाहतो तर शास्त्रीबुवा रामनगरच्या नावेत चढतायत, काखेत छत्री, अंगात धुतलेला कोट.

काशीत मेलं तर मोक्ष आणि रामनगरात मेलं तर पुढचा जन्म गाढवाचा, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. जोशींना राहवेना. "शास्त्रीबुवा, व्रत गेलं ते गेलंच. पण तिकडेच काही बरंवाईट झालं तर? गाढवाचा जन्म येईल हो."

शास्त्रीबुवा धोतर सावरून फळीवर बसले.

"येऊ दे. गाढवाला लेकीची काळजी नसते."