पहिल्या सात विभक्त्या
पोंगलच्या सुटीत गळ्यात पडलेले काम: जबाबदार, माझी नात. गेल्या रविवारी हुकलेले श्रेय: जबाबदार, पुण्याहून आलेले आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी.

सुटीत नातीने स्वतःची एक भाषा रचायला घेतली. त्या भाषेतल्या नामांच्या सात विभक्त्यांचे तक्ते मी, निवृत्त वकिलाने, पुढे महिनाभर बसून लिहून दिले. शेजाऱ्यांनी आठवी विभक्ती सुचवली, केवळ हरवलेल्या वस्तूंसाठी. रविवारी आमच्या मराठी मंडळाच्या सभेत नातीने ती भाषा मांडली, तेव्हा टाळ्या त्या आठवीलाच पडल्या आणि तिने आभारही त्यांचेच मानले.

ऑटोने अंबत्तूरच्या घरी परतताना मी कारण विचारले.

"आजोबा, घरच्यांचे आभार मानायचे नसतात, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकवले होते, हे मला मान्य आहे. तथापि पुढच्या सभेत तिने सर्वांसमक्ष उत्तर द्यावे: पहिल्या सात कोणाच्या?