शेपूट मोजा, मग घास घ्या

औरादच्या बाजारात मासळीची ओळ जिथं संपते तिथं एक लिंबाचं झाड आहे. त्याच्याखाली धोंड्यांच्या दोन चुली, परातीएवढा बिडाचा तवा आणि तव्यामागं राजूबाई, एवढं मांडलं की बाजार भरला असं धरून चालायचं. राजूबाई मासळी विकत नाही. तुम्ही ओळीत जायचं, हुज्जत घालून मासळी घ्यायची, ती आणून तिच्यासमोर ठेवायची आणि ती विचारील त्याचं उत्तर द्यायचं. प्रश्न एकच.

"कसं करू?"

तळून, रस्सा का कोरडं, काय ते सांगावं लागतं. "तुला बरं वाटंल तसं कर" हे तिला चालत नाही. "मासळी तुमची, जीभ तुमची, मग मी कामून ठरवू?" असं म्हणून ती हात पुसत बसून राहते. मागचे लोक ओरडायला लागतात, आणि गिऱ्हाईक घाबरून काहीतरी सांगून टाकतं.

ती मूळची मांजरा नदीच्या काठच्या गावची. नवरा जाळं टाकायचा, बाजारात आणून विकायचा, आणि ही टोपलीपाशी बसून माशा हाकायची. पंधरा वर्षांमागं एक म्हातारा कतल्याचं मोठं डोकं हातात धरून बराच वेळ उभा राहिला. घेईना आणि ठेवीनाही.

"घ्या की आजोबा," राजूबाई म्हणाली.

"घ्यावं तर वाटायलंय बाई. पर घरी सून ह्ये घिऊन चुलीजवळ यिऊ देत न्हाई."

राजूबाईनं तीन धोंडे मांडले, भज्यावाल्याची कढई मागून आणली आणि चिंच, काळं तिखट घालून ते डोकं शिजवून दिलं. म्हाताऱ्यानं तिथंच मातीत मांडी घालून खाल्लं, बोटं चाटली आणि पुढच्या बाजाराला आणखी चौघांना घेऊन आला. चौघांच्याही घरी सुना होत्या.

तेव्हापासून हे चाललंय. नवरा आता घरी कोंबड्या राखतो, आणि कुणी विचारलंच तर सांगतो, "मी धंदा तिच्यावर सोडलाव."

पण दुसऱ्याचा माल शिजवायचा म्हणजे संशय पाठीला लागलेलाच. आठ तुकडे दिलते, सातच कसे आले? माझा रोहू होता, ही चिलापी वाटायलीय. राजूबाईनं त्याच्यावर तोड काढली. मासा चिरायला घेतला की आधी शेपूट उडवायचं आणि ते ज्याचं त्याच्या पत्रावळीच्या कडेला ठेवायचं. शेपटावरून मासा कोणता होता ते कळतं, केवढा होता ते कळतं आणि किती होते तेही कळतं. वाढून झालं की ती पत्रावळ पुढं सारते आणि म्हणते, "शेपूट मोजा, मग घास घ्या."

रश्श्याचं मीठसुद्धा ती चाखून बघत नाही. नुसता वास घेते, उकळीला कान देते, आणि आजवर मीठ चुकलेलं कुणी ऐकलेलं नाही. आणि ह्या सगळ्याच्या वर तिचा एक शब्द आहे, तो सगळ्या बाजाराला पाठ आहे. ज्या दिवशी कुणाचं शेपूट कमी भरंल, त्या दिवशी हा तवा मांजरेत टाकीन.

तिच्या डाव्या हाताला बसव्वा पालेभाजी घेऊन बसते. बसव्वाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडंसुद्धा शिजलेलं नाही. मठात येणारीजाणारी बरीच माणसं भाजी तिच्याकडूनच नेतात. त्यामुळं सकाळी आल्याबरोबर ती पहिल्यांदा दोघींच्या मधोमध चुन्याची रेघ ओढते आणि मगच गाठोडं सोडते. बाकी दोघींचं चांगलं आहे. चहा एकाच किटलीतला घेतात.

"राजक्का, तुझा धूर रेघ ओलांडायलाय बघ."

"त्याला मराठी कळंना बसवक्का. तू कन्नडात सांगून बघ."

असं दिवसभर चालतं.

तर एका बाजाराला वारा फार सुटला होता. दुपार व्हायच्या आधी शिवप्रसाद आला. शिवप्रसादचं बसस्टँडच्या रस्त्याला बी-बियाण्याचं दुकान. माणूस दिलदार, पण आवाज असा की घरात बोलला तर शेजारी उत्तर देतात. बरोबर त्याची लेक विजयश्री होती. पोरगी फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकायला गेली होती, सहा वर्षांनी परत आलेली. हातात दोन जित्या मरळी, शेपटाकडं सुतळी बांधून लोंबत होत्या.

"राजूबाई, आमच्या पोरीला वाटायलतं असला बाजार फकस्त तिकडंच असतोय," शिवप्रसाद म्हणाला. "म्हनलं चल, दाखवतो."

"तिकडं कसला असतोय?" राजूबाईनं विचारलं.

"असलाच, मावशी," विजयश्री म्हणाली. "बाजारात मासळी निवडायची, वजन करून घ्यायची आन्‌ पलीकडच्या खानावळीत नेऊन द्यायची. अर्धी भाजा म्हणायचं, अर्धीचं चिंचेचं आंबट सार करा म्हणायचं. पालुतो म्हणतेत त्याला. शिजवून द्या, असं."

राजूबाई विचारात पडली. "म्हंजे तिकडंबी सुना चुलीजवळ यिऊ देत न्हाईत?"

"न्हाई मावशी, तिकडं समदेच खातेत."

"मग बाजारातच कामून शिजवतेत?"

"ताजं खायला."

"एवढ्यासाठीच?" राजूबाईला त्या देशाविषयी जरा वाईटच वाटल्यासारखं दिसलं.

एक तळून कर, दुसरीचं मागून सांगतो, असं शिवप्रसाद म्हणाला. पुढं पाचजणांचे नंबर होते. राजूबाईनं सुतळी सोडून मरळी पाण्याच्या बादलीत टाकल्या, वर पत्र्याचं झाकण घातलं, झाकणावर धोंडा ठेवला आणि बापलेकीला फिरून या म्हणाली. ते बांगड्यांच्या ओळीकडं गेले.

तेवढ्यात बसव्वाची ताडपत्री वाऱ्यानं उडायला लागली. "राजक्का, एक धोंडा दे गं." राजूबाईचा एक डोळा तव्यावर होता. तिनं हाताला लागला तो धोंडा उचलून रेघेपलीकडं सारला. दुसरा आणून ठेवू म्हणाली, आणि तेवढ्यात तेल तापलं.

शिवप्रसादचा नंबर लागला तेव्हा तिनं बादलीत हात घातला आणि एक मरळ काढली. मारली, शेपूट उडवलं, पत्रावळीवर ठेवलं. परत हात घातला. बादलीच्या बुडाशी हात गोल फिरवला. मग बादली झाडाच्या बुडाला उपडी केली. पाणी गेलं, मागं काही उरलं नाही.

मागं सातजण बसले होते, त्यांतला पहिला नंबर मडिवाळप्पाचा. हातात सापासारखी लांब वांब घेऊन तो कधीपासून ताटकळला होता. त्यानं सगळं बघितलं. "ओळीत मरळी पडल्यात की," तो हळूच म्हणाला. "एक उचलून आण. कुणाला कळायलंय?"

"आन्‌ दुसऱ्याच्या माशाचं शेपूट त्यांच्या पानावर ठिवू?" राजूबाई म्हणाली. "मग आजपातूर ठेवलेली समदी शेपटं खोटीच की."

शिवप्रसाद आला तो हसतहसत आला. पत्रावळीकडं बघितलं आणि हसू गेलं.

"दोन दिलत्या."

"दोनच होत्या अण्णा."

"मग एक कुठाय?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजे? खाल्लीस का विकलीस?"

हे मिरचीच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं. राजूबाईनं विळी बाजूला सारली. उठली, दोन्ही हातांनी फडकं धरलं आणि तवा चुलीवरून खाली उतरवला. मग चुलीवर पाणी मारायला तांब्या शोधायला लागली.

लोकांना आधी उमगलंच नाही. उमगलं तसे सातही जण उठले. शेवटच्यानं आपला मासा छातीशी धरला.

"राजूबाई, शब्द मोडू नको, कोण म्हणायलंय मोड," मडिवाळप्पा म्हणाला. "पर आधी माझी वांब कर. मांजरा काय आजच वाहून जायलीय?"

"तवा तापलेला हाय," दुसरा म्हणाला. "गार पाण्यात टाकला तर तडकंल."

"टाकायचाच हाय तर तडकला काय आन्‌ न्हाई काय," राजूबाई म्हणाली. तिला तांब्या सापडला.

विजयश्री तोवर बादलीपाशी बसली होती. "मावशी, झाकण कुठं होतं?"

झाकण बाजूला पडलं होतं. त्याच्यावर धोंडा नव्हता.

"दादा, थांबा जरा," ती बापाला म्हणाली. "मरळीला घंटाभर पाणी नसलं तरी चालतंय. तिकडंबी पळते ही. आमच्या बाजारात एकीनं गल्ली ओलांडून चप्पलच्या दुकानात मुक्काम केलता."

धुळीत बादलीपासून एक ओली, वळणावळणाची खूण निघाली होती. विजयश्री वाकून तिच्या मागं निघाली. खूण चुन्याच्या रेघेपाशी आली. रेघ तिथं वीतभर पुसली होती.

पलीकडं बसव्वा ताठ बसली होती. तिच्या भाजीवर ओलं पोतं झाकलेलं, आणि पोत्याचा एक कोपरा मघापासून थोडा थोडा हलत होता. तिला वाटत होतं उंदीर असंल. आता तिला कळलं होतं उंदीर नाही. तिच्यापुढं मठाकडची नागरत्ना मेथीची जुडी हातात घेऊन उभी होती.

"इकडं काय न्हाई," बसव्वा म्हणाली.

कुणी तिच्या भाजीला हात लावला नाही. मासा भाजीत निघाला तर ती भाजी मठाकडचं कुणी घेणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. राजूबाई तांब्या घेऊन उभी होती. तिलाही ते ठाऊक होतं, म्हणून ती म्हणाली, "राहू दे गं पोरी. तिची भाजी उसकटू नको."

बसव्वाची नजर ताडपत्रीच्या कोपऱ्यावर गेली.

"राजक्का, ह्यो धोंडा कुठला होता गं?"

राजूबाईनं धोंड्याकडं बघितलं. "बादलीवरचा."

"अय्यो शिवा," बसव्वा म्हणाली. मग ती उठली, पदर खोचला आणि नागरत्नादेखत स्वतःच्या हातानं पोतं उचललं.

पालकाच्या जुड्यांत मरळ आरामात पसरली होती, तोंड उघडझाप करत.

"घे बाई तुझा पाव्हणा," बसव्वा म्हणाली. "माझ्यापेक्षा गारव्यात बसलाय."

नागरत्नानं मेथीची जुडी हलकेच खाली ठेवली आणि पदर सावरत निघून गेली. तिच्यामागं उभी असलेली बाईही वळली. बसव्वानं कुणाला हाक मारली नाही.

राजूबाईनं मरळ उचलली, परत बादलीत टाकली, आणि या वेळी झाकणावर स्वतः बसली. तिथूनच तिनं रांगेकडं बघितलं.

"ज्याला मासळी पायजे त्यानं बसवक्काच्या भाजीची एकेक जुडी घ्यायची. मगच तवा चढंल."

"मी मेथी खात न्हाई," मडिवाळप्पा म्हणाला.

"घरी न्या. सुनंला द्या. मेथी बघून तरी चुलीजवळ यिऊ दिईल."

सातजणांनी जुड्या घेतल्या. मडिवाळप्पानं तीन घेतल्या, त्याच्या घरी सुना तीन. पालक शिवप्रसादनं सगळाच उचलला आणि काखेत मावेना तसा लेकीच्या हातात दिला. तवा परत चुलीवर गेला. शिवप्रसाद राजूबाईसमोर उकिडवा बसला. इतक्या बारीक आवाजात त्याला बोलताना औरादनं तोवर ऐकलं नव्हतं.

"चुकलं माझं, राजूबाई."

"त्ये राहू द्या अण्णा. दुसरी कशी करू?"

"आता तुला बरं वाट..." तिची नजर बघून तो थांबला. लेकीकडं वळला. "कसं म्हनलीस गं, चिंचेचं?"

"आंबट सार," विजयश्री म्हणाली. "वरून पालक टाकायचा. तिकडंबी तसलीच एक भाजी टाकतेत."

राजूबाईनं मरळ मारली, शेपूट उडवलं आणि पहिल्या शेपटाशेजारी नीट जुळवून ठेवलं. पहिली तव्यावर तळायला टाकली, दुसरीसाठी चिंच भिजत घातली. सार उकळायला लागलं तसा तिनं कान दिला, मिठाची आणखी एक चिमूट टाकली आणि पत्रावळ पुढं सारली.

"शेपूट मोजा, मग घास घ्या."

शिवप्रसादनं खरंच बोट ठेवून मोजली. दोन.

रेघेपलीकडं बसव्वा चुन्याची डबी घेऊन पुसलेली वीत भरून काढत होती. भरून झाली तसा तिनं तो धोंडा ढकलत ढकलत राजूबाईच्या बाजूला लावला.

"ह्यो तुझा तुझ्याकडं ठेव," ती म्हणाली. "माझी ताडपत्री उडाली तर उडू दे."